डब्बाभाऊंनी काढून टाकलेली अक्षरं

डब्बाभाऊंना कुठलीही भरलेली वस्तू दिसली की तिच्यातून काहीतरी काढून टाकावंसं वाटायचं. "हे काऊन पायजे?" हा त्यांचा प्रश्न. माझ्या बॅगेतून त्यांनी दुसरी छत्री काढायला लावली होती. नागभीडच्या त्यांच्या घरात भिंतीला एकच खिळा होता आणि त्यावर काय टांगायचं यावरून त्यांची आणि काकूंची रोज जुंपायची. काकू तर म्हणायच्या, लग्नाच्या वरातीतले दोन बाजेवालेही ह्यांनीच कमी केले.

ते ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. तेव्हा ते मला "ए पोरी" म्हणत. भामरागडकडच्या निवासी शाळेत मला नोकरी लागली त्या दिवसापासून "बाई" म्हणू लागले. मी कितीही लाजले तरी ऐकेनात. निवृत्तीनंतर त्यांनी छोट्या कॉम्प्युटरांचा नाद लावून घेतला. पत्त्यांच्या जोडाएवढा बोर्ड, त्यावर मोबाईलमध्ये असतो तसला प्रोसेसर, आणि हे सगळं भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात. उंदीर शिरत नाहीत आणि गरमही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पोरांनी त्यांचं नाव डब्बाभाऊ ठेवलं ते यावरून.

आमच्या शाळेत आधी एक मोठा कॉम्प्युटर दान आला होता. दिवसातून पाच-सहादा जाणाऱ्या विजेनं त्याचा जीव घेतला. पुस्तकांचं कपाट उदईनं खाल्लं. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की पोरांना वाचायला काही उरत नसे. सातवीतली मंगली तर किराण्याच्या पुडीचे कागद सरळ करून वाचायची. हे मी भाऊंना सांगितलं आणि ते कामालाच लागले. त्यांनी कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सगळ्यात सडपातळ जात निवडली. ती सुरू होताना डब्यातल्या मेमरी कार्डावरून सगळी उचलून बोर्डाच्या मेमरीत बसते आणि मग कार्डाला हात लावत नाही. "कार्डावरून फक्त वाचाचं, त्याच्यावर लिवाचं नाई. लाईट गेली तं जाऊ द्या, बाई. आली की पुन्हा उठते," ते मला फोनवर समजावत.

लोक पावसाळ्याआधी तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवतात. भाऊंनी गोष्टी, कविता, विज्ञानाची पुस्तकं भरली. आणि मग स्वभावाप्रमाणे काढायला बसले. आवाज नको, छपाई नको, शोभेची चित्रं नकोत. आमच्या शाळेकडे निघायच्या आदल्या दिवशी त्यांना जगभरच्या लिप्यांचा एक जाडजूड गठ्ठा सापडला. चिनी, अरबी, आणखी कुठल्या कुठल्या. हे काऊन पायजे? तोही गेला.

ते आले त्याच संध्याकाळी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं आणि मोबाईलचा टॉवरही मुका झाला. आम्ही हॉलमध्ये जुना टीव्ही मांडला, पोरं रांगेनं बसली, भाऊंनी डबा जोडला. यंत्र झकास सुरू झालं. पहिलं पुस्तक उघडलं आणि पडद्यावर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन.

"भाऊ, हे कवेलू हायेत का?" छपराच्या कौलांकडे बोट दाखवून मंगलीनं विचारलं.

त्या गठ्ठ्यात आपली मराठीही होती. घरी त्यांनी यंत्र सुरू होतंय एवढंच पाहिलं होतं, पुस्तक उघडून पाहिलंच नव्हतं. माणूस एकदम बसला. पोरं सवयीनं उठून ताटं घ्यायला गेली. त्यांचं ते उठून जाणं भाऊंना फार लागलं. रात्री ते जेवले नाहीत. पाणी उतरेपर्यंत कुठून काही आणता येणार नव्हतं, आणि पुढं सगळा पावसाळा पडला होता.

सकाळी आमच्या स्वयंपाकीण सोमीबाई चुलीपाशी बसून फोनवर लेकीचा जुना निरोप पुन्हा वाचत होत्या. भाऊ चहा घ्यायला गेले आणि कप हातात धरून तिथंच उभे राहिले.

"टावर नाई, मंग हे मराठी कुठून येऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"फोनातच हाये ना," सोमीबाई म्हणाल्या.

भाऊंनी कप खाली ठेवला आणि फोन मागून घेतला. फोनच्या पोटात शोधत शोधत त्यांना अक्षरांची फाईल सापडली. ती फोनमधल्या कार्डावर घेतली, तिथून डब्यात घातली आणि चौकोनांच्या जागी मराठी उभी राहिली. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. तेवढ्यात वीज गेली. आली तेव्हा पुन्हा कवेलू. अक्षरं नुसती बोर्डाच्या मेमरीत होती, डब्याच्या कार्डावर लिहायचं भाऊ आनंदात विसरले होते. आता मात्र ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी कार्डाचं कुलूप घटकाभर उघडलं, अक्षरं त्यावर लिहिली आणि मुद्दाम स्वतःच्या हातानं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. मराठी जागची हलली नाही. सोमीबाईंनी त्यांना दोन वेळचं जेवण एकदम वाढलं. पाणी उतरेपर्यंत ते आमच्याकडे राहिले आणि मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

आता त्यांना प्रवास झेपत नाही. डोळ्यांनीही साथ सोडली आहे. छापलेलं दिसत नाही. पावसाळ्याआधी डबा मीच भरते, आणि काही काढलं की एक पुस्तक उघडून पाहते. यंदा टॉवर होता तोवर त्यांना फोन लावला. यंत्राची चौकशी त्यांनी केलीच नाही. पोरं काय वाचतात, एवढंच विचारलं. मी स्पीकर लावून फोन मंगलीकडे दिला. ती आता दहावीत आहे. तिनं पडद्यावरची गोष्ट त्यांना वाचून दाखवायला घेतली. एक पान झालं, दुसरं झालं. भाऊ दमले असतील म्हणून ती थांबली.

"काऊन थांबली?" पलीकडून आवाज आला. "वाच, बाई. मी ऐकून राह्यलो."

मंगलीनं माझ्याकडे पाहिलं. मला त्यांनी बाई म्हणायला नोकरी लागावी लागली होती. तिनं पुढचं पान उघडलं.