शेवटच्या गाडीची मूठ

स्नोमोबिल ही काय चीज असते, हे जपानला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. पुण्यात माझी मजल स्कूटरपर्यंत. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आम्ही दोघं सेंदाईला आलो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात बायकोने शहराबाहेरच्या डोंगरात, बर्फाच्या एका मैदानावर, शनिवार-रविवारचं बाइतो धरलं. बाइतो म्हणजे पार्टटाइम काम. काउंटरवर उभं राहून लोकांना हेल्मेटं द्यायची, परत आलेली पुसून ठेवायची. मी म्हटलं, "अगं, एम.एस्सी. झालीस ती हेल्मेटं पुसायला?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," ती म्हणाली. "घरात बसून भिंतींशी बोलू का मी?"

तिथे हौशी लोकांचा एक क्लब होता. त्याच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना सगळे नुसतं कैचो म्हणायचे, म्हणजे अध्यक्षच. त्यांनी तिला गाडी शिकवली आणि तिने मला ओढलं. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि आवाज असा की शेजारचा बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. त्यामुळे रांगेतून जाताना सगळं बोलणं हाताने. त्यातही आपल्या मनाने हातवारे करायचे नाहीत. कोणता हात, कोपर किती वाकलेलं, सगळं ठरलेलं. आणि हे ठरवलं कोणी? तर एका आंतरराष्ट्रीय संघटनेने! निरनिराळ्या देशांच्या संघटना एकत्र येतात, चर्चा करतात, आणि शर्यतीचे नियम काय, हौशी लोकांनी वाटेच्या कोणत्या बाजूने जायचं, दारूचा थेंबही का घ्यायचा नाही, हे सगळं ठरवतात.

मला हसूच आलं. "कुठेतरी सातासमुद्रापार बसून हे लोक सांगणार, आपण या टेकडीवर हात कसा वर करायचा? उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे नुसता. आणि नाही ऐकलं तर काय करणार? शर्यतीत बाद करतील एक वेळ. आपल्याला कोण विचारतंय?"

"कोणी नाही विचारत," ती म्हणाली. "म्हणून तर पाळायचं." मग म्हणाली, "अरे, समोरचा माणूस थंडीत थांबलेला असतो. अजून कोणी यायचंय की संपली रांग, हे त्याला कळायला नको?"

तिला नियमांचं वेडच होतं. सेंदाईत आल्याबरोबर कचऱ्याची वर्गवारी तिने तोंडपाठ केली होती, आणि मी दह्याचा डबा न धुता टाकला की माझा उद्धार व्हायचा.

तर त्या खुणांमधल्या दोन खुणा रोजच्या. समोरून दुसरी रांग आली की आपण डावा हात उचलायचा, कारण उजव्या अंगठ्याखाली गाडीचा वेग असतो. मागे अजून कोणी असेल तर अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा. आणि रांगेतल्या शेवटच्याने हात कोपरात दुमडून मूठ दाखवायची. मूठ म्हणजे, माझ्यामागे कोणी नाही. ती मूठ दिसल्याशिवाय समोरची रांग हलत नाही.

आमच्या रांगेत पुढे कैचो, सगळ्यांत शेवटी ती आणि तिच्या पुढे मी. शेवटी पक्का माणूस लागतो, कारण वाटेत कोणी पडलं तर उचलायचं काम त्याचं. आता पडणारा कोण, हे वेगळं सांगायला नको. बर्फात उताणा पडलो की हेल्मेटच्या आत तिचं हसणं सुरू झालेलं असायचं. "उठा महाराज!" म्हणत हात द्यायची. त्या सगळ्या हिवाळ्यांत, वळणावर समोरून कोणी आलं की मी बिनदिक्कत अंगठा मागे दाखवायचो. खरंच मागे कोणी आहे का, हे वळून बघायची मला कधी गरज पडली नाही.

मग एका हिवाळ्याच्या अखेरीस ती लवकर थकायला लागली. इथे पावसाळा उन्हाळ्याच्या आधी येतो; पावसाळ्यात हॉस्पिटल, उन्हाळाभर हॉस्पिटल. झाडांची पानं लाल व्हायला लागली तेव्हा ती गेली. काय आजार, कोणती औषधं, ते सांगत बसत नाही. मला अजून राग येतो. दारूचा थेंब न घेणारी, वाटेची बाजू न सोडणारी बाई! नियम पाळून काय मिळालं तिला? अंत्यसंस्कार झाल्यावर पहिल्यांदा कचरा टाकायची वेळ आली, तेव्हा हातात दह्याचा न धुतलेला डबा घेऊन मी सिंकपाशी उभा राहिलो आणि लहान मुलासारखा रडलो.

बर्फ पडल्यावर कैचोंचा फोन आला. तिच्या आठवणीसाठी क्लब एक फेरी काढणार होता. मैदानावर गेलो तर रांग ठरवणं चाललं होतं. शेवटी कोण, इथे सगळं अडलं.

मी म्हटलं, "मी जातो शेवटी."

कैचोंनी माझ्याकडे बघितलं. मी पडणारा गडी, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "शेवटच्याला मूठ दाखवावी लागते. तुम्हाला जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. तिची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची मला हिंमत नव्हती, एवढंच.

बर्चच्या झाडांपाशी वाट अरुंद होते. तिथे समोरून दुसऱ्या गावाच्या क्लबची रांग आली आणि आमच्यासाठी बाजूला थांबली. कैचो गेले, त्यांच्यामागून एकेक जण अंगठा मागे दाखवत गेला. माझी पाळी आली. मी डावा हात उचलला आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.

थोडा पुढे गेलो, मागे नजर गेली आणि वाटलं, हे लोक निघत का नाहीत? गाडी थांबवून वळून बघितलं. त्यांनी इंजिनं बंद केली होती आणि सगळेच्या सगळे, आम्ही आलो त्या वळणाकडे बघत बसले होते. पुढे आमची रांगही थांबली होती. अगं आई गं! मी काय करून बसलो ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

त्यांच्या पुढाऱ्याने हेल्मेटची काच वर केली आणि अदबीने विचारलं, "मागे अजून किती जण आहेत?"

एकच आहे, येईलच आता, असं अगदी ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आजवर तिची वाट एकटा मीच बघत होतो, घरी, दाराच्या आवाजाकडे कान लावून. आता ही एवढी अनोळखी माणसं नाकं लाल होईस्तोवर थंडीत तिच्यासाठी थांबली होती. कोणी कुरकुर करत नव्हतं. मी काही बोललो नसतो तर आणखी कितीतरी वेळ थांबली असती.

पण त्यातला एक जण हातावर हात चोळायला लागला, आणि मला तिचे शब्द आठवले. समोरचा माणूस थंडीत थांबलेला असतो.

मी डावा हात उचलला, कोपरात दुमडला आणि मूठ आवळली. पुढाऱ्याने मान लववून इंजिन सुरू केलं. त्याच्यामागून एकेक करत सगळे निघाले आणि वळणाआड दिसेनासे झाले. तिची वाट बघणारं आता तिथे कोणी उरलं नाही, मी सोडून.