गॅरीची शाल आणि क्वार्टरबॅकचा खांदा

अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि त्या वर्षी माझं ग्रीन कार्ड त्याच फुटबॉलवर अवलंबून होतं.

म्हणजे तसं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या कागदांवर सही करणारा माणूस गॅरी होता, आणि गॅरीचा जीव इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये अडकलेला होता. आम्ही तेव्हा ॲरिझोनातल्या चँडलरला राहायचो. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर, गॅरी माझा मॅनेजर. दोन हजार तीन साल. धंद्यात मंदी. दर शुक्रवारी ऑफिसात कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं, आणि आपलं टेबल जागेवर आहे ना हे बघायला मी सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचायचो. टीम जिंकली की गॅरी सोमवारी डोनट आणायचा. हरली की स्टेटस रिपोर्ट मागायचा. मागच्या सीझनला टीम इतकी हरली की डोनटची चव मी विसरलो होतो.

आणि मग त्या वसंतात टायलर आला.

टायलर म्हणजे नवा क्वार्टरबॅक. (चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. जिंकलं तर त्याच्यामुळे, हरलं तर त्याच्यामुळेच. आमच्याकडे घरातल्या थोरल्या जावयाची अशी अवस्था असते.) टेक्सासमधल्या कुठल्याशा छोट्या गावातला, नुकतीच मिसरूड फुटलेला पोरगा. अजून एकही मॅच खेळला नव्हता. पण पेपरात त्याचे फोटो, रेडिओवर त्याच्या खांद्याची चर्चा, पेट्रोल पंपावरही तोच विषय! मॅचेस सुरू व्हायच्या सप्टेंबरमध्ये, आत्ता नुसता सराव. पण साखरपुड्यालाच बारशाचे पेढे वाटायला लोक तयार होते.

"दिस किड विल सेव्ह अस, मॅन!" गॅरी मला म्हणाला. "शनिवारी ओपन प्रॅक्टिस आहे. ब्रिंग द फॅमिली. ब्रिंग युअर मॉम!"

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. माझी फाइल त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेली होती.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. साहेबांनी बोलावलंय म्हटल्यावर तिनं लगेच कपाट उघडलं.

"बरं झालं. त्यांच्यासाठी आणलेली शाल राहूनच गेली होती. नारळ आणून ठेव."

"कुणाला शाल?"

"तुझ्या साहेबांना. एवढं करतायत तुझ्यासाठी. पहिल्यांदा भेटायचं ते काय रिकाम्या हातानं?"

"आई, अगं इथे बॉसला शाल घालत नाहीत! लाच वाटेल ती! माझी फाइल आहे त्याच्याकडे!"

"नारळाची कसली रे लाच?"

"मंजिरी, सांग ना तू हिला," मी बायकोला म्हणालो.

"मी कशाला सांगू?" मंजिरी भाजी चिरता चिरता म्हणाली. "आई, शाल छान आहे. मरून रंग त्यांच्या टीमचाच आहे."

मी शाल कपाटात ठेवली, कपाट बंद केलं, आणि विषय संपला असं समजलो. स्वतःच्या आईला इतक्या वर्षांत ओळखू न शकलेला मुलगा अमेरिकेची परीक्षा पास कसा झाला, हा प्रश्न मला मंजिरीनं नंतर विचारला.

शनिवारी ॲरिझोनाचं ऊन असं होतं की गाडीचं स्टिअरिंग धरवत नव्हतं. मी पार्किंग शोधत फिरत होतो तेवढ्यात आई, मंजिरी आणि आमची आठ वर्षांची इरा आत गेल्या. गेटवरच्या गार्डनं आईची पिशवी तपासली, त्यात शेंडीसकट नारळ सापडला, आणि "व्हॉट इज धिस?" या प्रश्नाला इरानं "इट्स फॉर गॉड" असं उत्तर दिल्यावर त्यानं घाईघाईनं पिशवी परत केली, हे मला फार उशिरा कळलं.

सराव मला काहीच समजला नाही. पोरं धावत होती, पडत होती, उठत होती. टायलर चेंडू फेकायचा आणि शेजारची माणसं देव पावल्यासारखी ओरडायची. एकदा चेंडू कुणाच्याच हातात न जाता जमिनीवर पडला, तर सगळं स्टेडियम गप्प झालं. गॅरीनं टोपी काढली, घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. जणू चेंडू माझ्या हातून पडला होता! मी उगाच मान खाली घातली.

सराव संपल्यावर खेळाडू मैदानाच्या कडेला टेबलं मांडून सह्या द्यायला बसले. टायलरच्या टेबलासमोर मारुतीच्या देवळात शनिवारी असते तशी रांग. गॅरी आम्हाला घेऊन रांगेत उभा राहिला. पोरगा अजून अंगावर ते खांद्याचं चिलखत घालूनच बसला होता, घामानं निथळत. कुणी टोपी पुढे करायचा, कुणी चेंडू, कुणी तान्हं बाळ. आणि सही झाली की प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर थाप मारून तेच सांगायचा, "वी आर काउंटिंग ऑन यू, सन!"

"काय म्हणतायत रे सगळे त्याला?" आईनं विचारलं.

"आमची सगळी भिस्त तुझ्यावर आहे म्हणतायत."

आईनं खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. मग म्हणाली, "मघापासून बघतेय. जो तो त्याच्याकडून काहीतरी घेऊन चाललाय. त्याला कुणी काही दिलं का?"

मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी गॅरीला हसून दाखवण्यात गुंतलो होतो.

आमचा नंबर आला. गॅरीनं भक्तिभावानं टोपी पुढे केली, सही घेतली, थाप मारली. आणि आई पुढे झाली. तिनं पिशवीतून आधी करंडा काढला, आणि तो पोरगा "मॅम?" म्हणेपर्यंत त्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मग नारळ त्याच्या हातात दिला. मग गॅरीसाठी आणलेली मरून शाल झटकून त्याच्या खांद्यावर घातली! त्या चिलखतामुळे शाल काही पुढे पोचेना, म्हणून तिनं मागून नीट ओढून तिचं टोक त्या चिलखताच्या पट्ट्यात खोचलं. पोरगा नारळ धरून, चांगल्या वळणाच्या मुलासारखा गप्प बसून होता.

मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मी गॅरीकडे पाहिलं. गॅरी पांढराफटक पडला होता.

"डिड शी जस्ट गिव्ह हिम समथिंग?" तो माझा दंड धरून कुजबुजला.

"ओन्ली... शाल. अँड कोकोनट."

"ही कान्ट टेक गिफ्ट्स! फ्रॉम फॅन्स! नथिंग! कॉलेजच्या खेळाडूंचा नियम आहे, ते त्याला बाहेर बसवतील! दुसऱ्या एका कॉलेजात एका पोरानं फुकट जेवण घेतलं म्हणून त्याला बसवला होता! आणि ही बाई माझ्याबरोबर आलीय, मी टीमला डोनेशन देतो, म्हणजे हे माझ्याकडूनच गेलं असं धरतील! गेट इट बॅक!"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं. टायलर बाहेर. टीम बाराच्या भावात. गॅरीच्या ड्रॉवरमधून निघून थेट कचऱ्याच्या डब्यात गेलेली माझी फाइल. आणि आम्ही चौघं सामानासकट विमानतळावर! भीतीनं माणसाला अक्कल सुचते म्हणतात. मला हातपाय सुचले. मी पुढे झेपावलो आणि शाल खेचली.

आईनं खोचलेली गोष्ट सहजासहजी सुटत नाही. शाल पट्ट्यात अडकलेली, पट्टा चिलखताला, चिलखत पोराला, आणि पोरगा घडीच्या खुर्चीवर. मी जोर लावला. खुर्ची कलंडली. दोन्ही हातांनी नारळ सांभाळत (एवढा गुणी मुलगा!) सगळ्या ॲरिझोनाची आशा उजव्या खांद्यावर धप्पकन जमिनीवर पडली.

हजारो माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात शाल होती.

"मी नाही पाडलं," मी मराठीत म्हणालो.

"बाबा, यू टोटली डिड," इरा म्हणाली.

कोच धावले. डॉक्टर धावला. त्यांनी पोराचा हात वर करून, खाली करून, फिरवून पाहिला, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर माझा श्वास वर-खाली होत होता. एक उंच बाई आल्या. खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणं हेच त्यांचं काम. त्यांनी शाल आणि नारळ जप्त करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, माझं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि कुठे नोकरी करतोस ते विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा गॅरी दोन पावलं मागे सरकून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलू लागला.

रविवारी टीव्हीवर बातमी आली. खांद्याला काळजी म्हणून टायलरला सध्या विश्रांती, आणि "शाल प्रकरणाची" चौकशी सुरू. त्यात मी पाठमोरा दिसत होतो. मी इतका घाबरलो की फोन वाजला तरी उचलेना. सूटकेस खाली काढून तिची चाकं फिरतात का ते बघून ठेवलं.

"मुलाला लागलं असेल रे," आई म्हणाली. ती माझ्यावर चिडली होती. "कुणी घातलेली शाल अशी ओढतात?"

"तू घातलीसच का पण?"

"एवढंसं पोर! आई तिकडे टेक्सासला. आणि ही एवढी माणसं ते जिंकायच्या आधीच त्याच्यावर ओझं टाकतायत. मला बघवेना." तिनं डोळ्याला पदर लावला.

सोमवारी गॅरी आला. डोनट नव्हते. रिपोर्टही मागितला नाही. हे जास्त भयंकर होतं. दुपारी त्या उंच बाईंचा फोन आला. वस्तू परत न्यायला या, आणि आईंना घेऊन या. आईंना का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी वाटभर आईला बजावत राहिलो. "तिथे काही बोलू नकोस. काही देऊ नकोस. पिशवी गाडीत ठेव."

बाईंच्या ऑफिसात टायलर बसला होता. हात शाबूत. कपाळावर कुंकवाची फिकट लाली अजून होती. (आमचं कुंकू पक्कं.) खांद्याला काहीही झालेलं नाही, आणि त्यानं स्वतःच सगळं खरं सांगून वस्तू नाकारल्यामुळे कुणावरच कारवाई नाही, असं बाईंनी सांगितलं. मी खुर्चीतच सैल झालो.

"मॅमची माफी मागायची होती," पोरगा उठून म्हणाला. "मला ते ठेवता येत नाही. शी वॉज रिअली नाइस."

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "त्याला विचार, जेवलास का?"

मी विचारलं. त्याचा चेहरा जरा वेडावाकडा झाला. इथे आल्यापासून त्याला सगळ्यांनी खांदा कसा आहे हेच विचारलं होतं, असं तो म्हणाला. मग आईनं एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "आशीर्वाद दिला तर चालेल का म्हणावं?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि गंभीरपणे विचार केला.

"डझ इट हॅव एनी रीसेल व्हॅल्यू?"

"नो, मॅम," मी म्हणालो.

"देन इट्स फाइन."

तो एवढा धिप्पाड पोरगा वाकला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणाली. 'जिंकून ये' म्हणाली नाही. ही बाब मी गॅरीला सांगायला नको होती.

जप्तीतून सुटलेली शाल शेवटी गॅरीलाच मिळाली. टायलरच्या खांद्याला लागलेली शाल म्हटल्यावर त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, आशीर्वादाची हकीकत ऐकत त्याच नारळाच्या वड्या खाल्ल्या, आणि त्याच आठवड्यात माझ्या कागदांवर सह्या केल्या. मला वाटलं, सुटलो.

जूनमध्ये आई सांगलीला गेली. सप्टेंबरमध्ये पहिली मॅच झाली. गॅरी भर उन्हात शाल पांघरून बसला होता, आणि टीम सडकून हरली. सोमवारी त्यानं मला आत बोलावलं, दार लावलं.

"तुझ्या आईनं नेमका काय आशीर्वाद दिला होता? एक्झॅक्ट वर्ड्स."

मी खरं सांगितलं.

"हॅपी? जस्ट हॅपी? नॉट विन?" तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, "ओके. आई नाही, तर तू कर."

तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या आधी गॅरी माझ्याकडे यायचा, टोपी काढून मान वाकवायचा, मी त्याला कुंकू लावायचो आणि "विन" म्हणायचो. त्याच्यामागे आमचं आख्खं डिपार्टमेंट रांगेत उभं असायचं, आणि जाताना प्रत्येक जण माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "वी आर काउंटिंग ऑन यू, सन!"

सीझनभर टीम हरत राहिली. टायलरला लोकांनी माफ केलं. पोरगा नवा आहे, शिकेल म्हणाले. माझ्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये मात्र गॅरीनं लिहिलं, 'कामात उत्तम. आशीर्वादात सुधारणेला वाव.'