शिट्टीचा घट्टा

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. थीम पार्कातलं झुलतं जहाज त्या चालवायच्या. जहाज म्हणजे एक अजस्र पाळणाच. माणसं भरायची, त्यांच्या मांड्यांवर लोखंडी दांडा पाडायचा, आभाळात भिरकावायचं आणि धडधाकट परत आणायचं. पार्कात त्यांना सगळे टोपीताई म्हणत, कारण रांगेत कुणी बोडक्या डोक्यानं उभं दिसलं की त्या वरून ओरडत, "आधी टोपी घाला!" माझा नवरा म्हणायचा, "लोकांना टोपी घालून वर त्यांच्याकडून थँक्यू ऐकणारी जगात आमची ताई एकटीच."

उन्हाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत. क्रीम घरून निघायच्या आधी लावायचं, तिकीट काढल्यावर नाही. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू विसरायची नाही. पाण्याच्या खेळातून बाहेर आलं की अंग पुसून पुन्हा लावायचं. ढग आले म्हणून ऊन सुट्टीवर गेलं असं समजायचं नाही. एकदा एक बाप त्यांच्याशी हुज्जत घालायला लागला, "अहो बाई, आम्ही उन्हातच वाढलोय." वन्सं म्हणाल्या, "वाढलात ना? मग आता पिकू नका." अख्खी रांग हसली, आणि त्या बापानं निमूटपणे पोराच्या मानेला क्रीम चोळलं.

मी जरा फटकळ आहे, लग्नानंतर सुरुवातीला मला या बाईचा रागच यायचा. दोरीवर कपडे वाळत घालायला दोन मिनिटं अंगणात गेले तरी मागून पूर्ण बाह्यांचा सदरा घेऊन हजर. पण मला मुलगी झाली आणि ती आत्याच्या हाताखाली वाढली, तेव्हा मला कळलं की त्यांचं प्रेमच असं चोपडण्याचं आणि झाकण्याचं आहे. मग मीही मान पुढे करायला शिकले.

आता शिट्टीचं सांगते. जहाजावर बोलून काही उपयोग नसतो. खाली यंत्राचा खडखडाट, वर किंकाळ्या. यंत्रावरच्या मदतनिसाला एक लांब शिट्टी म्हणजे सोडा, दोन तोकड्या म्हणजे थांबवा. दांडे तपासायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे शिट्टी दिवसभर ओठांतच धरलेली. वन्संना हे काम शिकवलं ते जहाजाच्या आधीच्या चालकानं. त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. त्यांचा पहिला नियम होता, ओठ कोरडा हवा. मलम नको, क्रीम नको, तिथे काहीही चोपडायचं नाही. शिट्टी घसरली आणि नेमकं तेव्हाच वर कुणी पोर दांड्याखालून निसटायला लागलं तर? नियमाचं कारण खरं होतं, म्हणून पार्कातल्या कुठल्याच खेळावर तो कुणी मोडला नाही.

अशी वर्षं गेली की चालकांच्या खालच्या ओठावर, शिट्टी टेकते तिथे, एक पांढुरकी खरखरीत जागा तयार व्हायची. तिला पार्कात शिट्टीचा घट्टा म्हणत. घट्टा पडला की माणूस पक्का झाला. नवी माणसं आरशात ओठ उलटा करकरून बघत, आला का, आला का म्हणून. दुखते ती जखम, दुखत नाही तो घट्टा, असं कॅप्टन सांगायचे. त्यांचा स्वतःचा घट्टा चांगला मोठा होता. पुढे ते काम सोडून लेकीकडे राहायला गेले. मानेत काहीतरी आलं होतं म्हणे. वयच झालं होतं, असं सगळे म्हणाले, आणि ते गेल्याची बातमी आली तेव्हाही तेच म्हणाले.

गेल्या सुट्टीत मी मुलीला घेऊन पार्कात गेले. ऊन असं की रेलिंगला हात लावायची सोय नव्हती. जहाजाचा चौथरा मात्र पांढरा शुभ्र रंगवलेला, लोकांचे पाय भाजू नयेत म्हणून. वर बघवत नव्हतं आणि खालीही बघवत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वन्संनी भाचीला समोर बसवलं आणि तिच्या कानामागे क्रीम लावायला घेतलं. पोरगी त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीशी खेळत होती.

"आत्या, तू ओठाला नाही लावत?"

"आमच्या ओठाला चालत नाही, राणी."

"आत्या, शिट्टीला लाल लागलंय."

वन्संनी शिट्टी तिच्या हातातून घेतली आणि विजारीला पुसली. "घट्टा उकललाय. उन्हाळ्यात उकलतो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कडक झालेली कातडी उकलते हे ठीक, पण ती भरूनही यायला हवी ना?

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. चहा त्या एकाच बाजूनं प्यायच्या. त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी छोटासा डाग असायचा आणि अभ्रा मी धुवायच्या आत त्यांनीच भिजत टाकलेला असायचा. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. आणि दर वेळी ती आधीपेक्षा थोडी मोठी असायची.

शेवटी जेवताना माझा तोल गेला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जगाच्या कानाच्या पाळ्या बघता, आणि स्वतःचा ओठ दिसत नाही?"

"सीझन संपू दे गं. मग दाखवू."

"सीझन संपेपर्यंत ते थांबणार आहे का?"

"अगं दुखत नाही. दुखलं असतं तर गेले नसते का?" असं म्हणून त्या हसल्या, आणि हसताना ओठ पुन्हा उकलला. माझा नवरा ताट तसंच ठेवून उठला. मला भीती वाटली. राग वाटला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण ती भीतीच होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची शिट्टी तांदळाच्या डब्यात लपवली. शिट्टीशिवाय त्या जहाजावर चढणार नाहीत, आणि दुसऱ्याची उष्टी शिट्टी तोंडात घालणार नाहीत, हे मला माहीत होतं. सगळं घर धुंडाळून झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आधी डॉक्टर, मग शिट्टी." दिवसभर त्यांनी मला शिव्या घातल्या, पण आल्या.

"शिट्टीचा घट्टा आहे हो," वन्संनी आधीच सांगून टाकलं. डॉक्टर बाईंनी ओठ पाहिला आणि हातमोजे बदलून पुन्हा पाहिला. तंबाखू खाता का, विचारलं. वन्संनी जन्मात सुपारीसुद्धा चघळली नव्हती.

"उन्हात काम आहे का?"

"आहे, पण टोपी असते. मोठ्या कडेची. एक दिवस चुकलेली नाही."

"पायाखाली काय असतं?"

"पांढरा रंग. लोकांचे पाय भाजू नयेत म्हणून..." वन्सं बोलता बोलता थांबल्या.

"मग ऊन खालूनही येतंच की. टोपी वरचं अडवते, खालचं नाही. आणि खालचा ओठ त्याच्या वाटेतच असतो. हा घट्टा नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

"पण दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच माणसं उशिरा येतात."

मग डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याखाली बोटं ठेवली आणि एका जागी बराच वेळ दाबून पाहिलं. वन्सं हळूच म्हणाल्या, "कॅप्टनला पण इथेच आलं होतं." डॉक्टरांना कॅप्टन कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तपासणीत कॅन्सर निघाला. खालच्या ओठाचा एक तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या. आता रेडिएशनचे शेक देणं चालू आहे. डॉक्टर म्हणतात, लक्ष ठेवू. हा शब्द मला अजिबात आवडत नाही, कारण आम्हीसुद्धा लक्षच ठेवत होतो. वन्संना आता प, ब, म नीट म्हणता येत नाहीत. शिट्टी तर वाजतच नाही. घरी आल्यावर मी डब्यातून काढून दिली, तेव्हा त्यांनी एकदा ओठांत धरून बघितली. नुसती हवा निघाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

परवा त्या म्हणाल्या, मला पार्कात ने. त्यांच्या गळ्याभोवती ओढणी गुंडाळून मी त्यांना घेऊन गेले. फाटक उघडायला वेळ होता. सगळ्या खेळांचे चालक जहाजाच्या चौथऱ्यापाशी जमले, आणि टोपीताईंचा तो ओठ बघून प्रत्येकाची नजर जमिनीकडे गेली. वन्संनी पिशवीतून ओठांना लावायच्या क्रीमच्या नळ्या काढल्या आणि एकेकाला जवळ बोलावलं. शाळेत बाई नखं तपासतात तशा त्या प्रत्येकाचा ओठ उलटून बघत होत्या आणि क्रीम लावत होत्या.

"पण ताई, शिट्टी घसरेल," एक जण चाचरत म्हणाला. "कॅप्टन सांगायचे..."

"घसरू दे," वन्सं त्यांच्या त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "साहेबांकडे भोंगा मागा. शिट्टी फेका."

सगळ्यात शेवटी आकाशपाळणेवाला आला. धिप्पाड, हसरा, घरी तान्हं मूल असलेला. वन्संनी कधीकाळी त्यालाच दांडे तपासायला शिकवलं होतं, आणि कॅप्टनचे नियमही. त्यानं मान खाली घातली नाही. उलट मोठ्या अभिमानानं ओठ बाहेर काढून दाखवला. पांढुरकी, खरखरीत जागा, मधोमध बारीकशी खपली.

"बघा ताई, मी पण पक्का झालो."

वन्संनी अंगठ्यानं तिथे दाबलं. "दुखतं?"

"छे! अजिबात नाही."

त्यांनी बोटं त्याच्या जबड्याखाली नेली. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला. वन्संची बोटं एका जागी गेली आणि तिथेच थांबली.