आईचं मंजन

सिहोऱ्याच्या शाळेतून मी जबलपूरच्या कॉलेजात पोचले ती आईमुळे. घरातली पहिली पदवी माझी. पुढे इस्पितळात तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनाचं काम मिळालं आणि जबलपुरातल्याच गोरखपूर भागात दोन खोल्या घेऊन मी आईला आणलं.

तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "माँ जी, तंबाकू?"

"छी! कभी नहीं," आई म्हणाली. मलाही ते खरंच वाटलं. डॉक्टरांची नजर मात्र तिच्या उजव्या हाताच्या तपकिरी बोटावर होती. "और मंजन कौन सा करती हैं?"

"गुडाखू."

तंबाखू आणि गुळाचं ते काळं मलम. आमच्याकडे त्याला मंजनच म्हणतात. डब्बीत बोट बुडवायचं आणि दातांवर घासत बसायचं. डॉक्टर म्हणाले, चट्टा आज साधा आहे, पण हे बंद झालं नाही तर साधा राहीलच असं नाही.

बाहेर आल्यावर आई चिडली. "काहून मागे लागला तो? दात घासू नको का मी?"

तंबाखू सोडण्यावरचं सगळं संशोधन मी पुन्हा वाचायला काढलं. नुसत्या निर्धारावर सोडणारे बहुतेक पुन्हा तिकडेच वळतात. कोणी बोलत, पाठपुरावा करत राहिलं तर जास्त जण टिकतात, औषधाची जोड असेल तर आणखी. पण हे बहुतेक बिडी-सिगारेटचं होतं. तोंडातल्या तंबाखूवर थोडं होतं, आणि गुडाखूवर माझ्या हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. दिवसभर मी अनोळखी लोकांना धीर देत असे आणि घरी आले की आईच्या गालाकडे बघत बसे.

डॉक्टरांनी दिलेलं निकोटिनचं च्युइंगम ती माझ्या आग्रहाखातर चघळू लागली. तलफ उतरली, तरी सकाळ निभेना. सकाळी गल्लीतल्या बाया आमच्या पायरीवर जमत. एक डब्बी सगळ्यांत फिरे, तोंड भरलेलं असतानाच सासवासुनांच्या गोष्टी चालत. पुस्तकाप्रमाणे मी म्हटलं, "आई, सवयीच्या जागेपासून दूर राहा."

"मग मी बसू कुठं? तू इस्पितळात जाते. ह्या गावात मले दुसरं कोण आहे?"

तरीही तिने ऐकलं. काही दिवस दार लावून ती आत बसली. बाहेर हशा झाला की तिची मान दाराकडे वळे. च्युइंगम चघळता चघळता एकदा म्हणाली, "कोंडून ठेवलं तू मले." दार उघडलं तर चट्टा, लावलं तर हे.

एका सकाळी तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि उजवं बोट माझ्यापुढे धरलं. "बांध."

ती पायरीवर जाऊन बसली. शेजारणीने डब्बी पुढे केली. "लो दीदी. अरे, उंगली में क्या हुआ?"

"कट गई," आई म्हणाली.

"तो दूसरी से कर लो!" सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि डब्बी तशीच पुढच्या बाईकडे सरकवली.

तेव्हापासून रोज सकाळी मी ते धडधाकट बोट बांधते. एखाद्या दिवशी बोट माझ्या हातात असतं आणि तिची नजर बाहेरच्या डब्बीवर. त्या दिवशी ती म्हणते, "आज घट्ट बांध."