सबंध कातडं

अमरावतीला आम्ही तिघं एका खोलीवर राहतो. जंगलात जगून राहण्याचा एक खेळ आम्ही आपापल्या फोनवर मिळून खेळतो. कॉलेजमध्ये मला चारचौघांत नीट बोलता येत नाही. या खेळात मात्र एक काम मला फार चांगलं जमलं. मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला, खोलीवरचा आमचा एक जोडीदार शिकार करायचा, दुसरा लाकडं तोडून झोपडी उभारायचा आणि मी मेलेलं जनावर सोलायचो. घाई केली की कातडं फाटतं आणि नदीकाठचा व्यापारी भाव पाडतो. मी सावकाश चाकू फिरवायचो. मांसाच्या पट्ट्या धुरावर वाळवायचो, सबंध कातड्यांच्या बदल्यात मीठ आणि काडतुसं आणायचो. "तुह्या हातात जादू हाय बे," अकोलेवाला म्हणायचा. त्याचं मला किती बरं वाटायचं, ते आता सांगवत नाही.

बाबा तिवशाजवळच्या आमच्या गावाहून डोळे तपासायला आले होते. डोळ्यांत औषध टाकल्यामुळे त्यांना धूसर दिसत होतं, म्हणून बसची वेळ होईपर्यंत ते खोलीवर भिंतीला टेकून बसले. आमचा खेळ सुरूच होता.

"काय लाल लाल दिसून राह्यलं रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाई बाबा. गेम हाय."

अकोलेवाल्याला पाहुण्यांना समजावून सांगायची भारी हौस. "काका, हरिण हाय ते. आमी मारतो, हा सोलतो. कातडं इकाचं कामही याचंच. एक नंबर हाय तुमचा पोरगा!"

बाबांनी त्याला विचारलं, "तुमी दोघं नाई सोलत?"

"आमाले नाई जमत काका. फाटते."

"अन् याले कोनं देल्लं हे काम?"

"कोनीच नाई. यानंच मांगलं."

बाबांनी हसल्यासारखं केलं आणि बसला किती वेळ आहे ते विचारलं.

आमच्या गावात मेलेली जनावरं ओढून नेणं, सोलणं आमच्याच वस्तीकडे असायचं. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी गावाला सांगितलं, "आता आमी हे काम करनार नाई." मग वस्तीची मजुरी बंद झाली, पाणी बंद झालं. तरी त्यांनी पुन्हा जनावराला हात लावला नाही. हे बाबांनी मला लहानपणापासून सांगितलेलं. खेळात काम मागून घेताना मात्र ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

स्टँडवर जाताना रस्ता ओलांडायला बाबांनी माझा हात धरला. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "अभ्यास करून राह्यला ना?"

संध्याकाळी मी दोघांना म्हणालो, "कातडं मी काढनार नाई आता."

"काहून बे?"

कारण सांगायला तोंड उघडलं होतं. दोघंही चांगले आहेत, त्यांनी ऐकून घेतलं असतं. अकोलेवाल्याला तर वाईटही वाटलं असतं. मी म्हणालो, "बोर झालं."

"मंग मी काढतो. तू लाकडं तोड," झोपडी उभारणारा म्हणाला. इतकं सोपं होतं ते. त्याने पहिल्याच हरणाचं कातडं फाडलं आणि हसत फोन माझ्यापुढे धरला. "दाखव ना लेका, कसं करतं तू?"

मी फोन घेतला आणि करून दाखवलं. कातडं सबंध निघालं.