माझं ध्यान लागलं त्या रविवारी

आमच्या घरात ब्लॅक बेल्ट एकच आहे आणि तो माझ्या मुलीचा आहे. पट्टा माझ्याकडेही आहे, पण तो डॉक्टरांनी कमरेला बांधायला दिलेला.

मुलगी म्हणजे सुजाता. पनवेलला जाऊन-येऊन कराटे शिकली, मग ध्यानाचं शिबिर करून आली, आणि उरणजवळच्या आमच्या गावात, विहाराच्या हॉलमध्ये, तिने वर्ग सुरू केला. आधी ध्यान, मग कराटे. "मन आणि शरीर एकमेकांना जोडायचं," असं ती सांगायची. मी ऐकून घ्यायचो. मी कंटेनर यार्डच्या गेटवर कारकून आहे; ट्रेलरची नोंद करायची आणि तो मागे घेताना ड्रायव्हरला हात दाखवायचा. शिफ्ट संपते तेव्हा माझं शरीर ट्रेलरच्या रांगेमागे रिक्षात अडकलेलं असतं आणि मन कधीच घरी पोहोचून आडवं झालेलं असतं. दोघांची गाठ पडते ती सुट्टीच्या दिवशी, तीही जेवणानंतर.

वर्गाला गावातल्या मुली यायच्या. रस्त्याने मान खाली घालून जाणाऱ्या मुली ताठ चालायला लागल्या, हे मलासुद्धा दिसत होतं. पण विहार कमिटीचे अध्यक्ष तात्या एका संध्याकाळी घरी आले, चहा संपवला आणि म्हणाले, "सुजाता, पोरी लाथा मारायला शिकल्या, चांगलं हाय. पण हॉल सगळ्या गावाचा हाय. मोठ्या माणसांना ह्याचा काय उपयोग? लग्नाची भांडी आन् खुर्च्या ठेवायला आपल्याकडं जागा न्हाय."

"रविवारी कमिटीला घेऊन या," सुजाता म्हणाली. "मोठ्या माणसावरच दाखवते."

तात्या गेल्यावर तिने घरात मोठं माणूस शोधलं. तिची आई लगबगीने भाकऱ्या थापायला गेली. (पीठ अजून मळायचं होतं.) उरलो मी.

दुसऱ्या दिवसापासून माझी तयारी सुरू झाली.

"पप्पा, मी हात उगारला की डावा हात वर घ्यायचा. एवढंच."

मी घेतला.

"डावा, पप्पा."

"हा डावाच आहे."

"तुम्ही ह्याच हाताने जेवता."

मग ध्यान. "डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि काही करायचं नाही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं काम कोणी दिलं नव्हतं. मला ते आवडलं. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी रात्रपाळी होती. सकाळी मला सोडवायला येणारा कारकून उशिरा आला आणि मी यार्डमधून थेट विहारात पोहोचलो. हिने, म्हणजे सुजाताच्या आईने, दारातच कराटेचा पांढरा ड्रेस हातात दिला. ड्रेसची गाठ सारखी सुटत होती, म्हणून तिने वरून डॉक्टरांचा पट्टा आवळला. पुढच्या रांगेत तात्यांच्या शेजारी त्यांची बायको सखूकाकी बसली होती. तिने मला खालून वर पाहिलं.

"ह्याला कंचा पट्टा मिळाला गं?"

"हाडांच्या डॉक्टरांचा," ही म्हणाली.

मुलींचं काम सुरेख झालं. कमिटीने टाळ्या वाजवल्या. मग सुजाताने मला मधोमध मांडी घालून बसवलं. "आता माझे वडील मन शांत करतील, आणि घंटा वाजली की त्याच शांत मनाने उठून वार अडवतील."

मी डोळे मिटले. पहिला श्वास मला आठवतो. दुसराही बहुधा घेतला असावा. पुढचं सगळं मला हिने सांगितलं, आणि नंतर गावातल्या प्रत्येकाने.

माझा चेहरा म्हणे फार शांत झाला. "बघा," सुजाता हळूच म्हणाली. तात्यांनी मान हलवली. मग माझा उजवा हात सावकाश वर आला आणि बोटं आत वळू लागली. ही ध्यानाचीच पुढची पायरी असावी असं समजून कमिटी सरसावून बसली.

"येऊ दे," मी म्हणालो. "येऊ दे. अजून येऊ दे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

"डावीकडं काप. हां. मागं भिंत हाय, ठोकशील."

भिंतीला टेकून बसलेले खजिनदार उठून पुढे सरकले.

"त्याला कायतरी दिसतंय," सखूकाकी म्हणाली. मुलींनी तोंडात ओढण्या कोंबल्या. सुजाताने घाईघाईने घंटा वाजवली.

घंटा ऐकून मला वाटलं, गेटवर साहेब आले. मी ताडकन उठलो. म्हणजे मन उठलं. पाय मांडीतच झोपले होते. मी तसाच पुढे कलंडलो, मला सावरायला तात्यांनी हात पुढे केला, आणि आठवडाभराच्या तयारीत जे एकदाही जमलं नव्हतं ते जमलं. माझा डावा हात वर गेला. तात्यांचा हात उडाला, चष्मा उडाला, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकले आणि आम्ही दोघे शेजारी-शेजारी फरशीवर पडलो.

मी खालून सुजाताकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती. तिच्यामागे त्या सगळ्या मुली, पुन्हा माना खाली घातलेल्या. मुलीचा वर्ग आपण झोपेत बंद पाडला, हे माझ्या लक्षात आलं आणि उठावंसंच वाटेना.

तात्यांनाही उठायची घाई दिसत नव्हती. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. झोपला व्हतास?"

"व्हय, तात्या."

"बसल्या-बसल्या?"

"व्हय."

तात्या छताकडे बघत राहिले. "घरामागनं ट्रेलर जायला लागले, तवापासनं माझा डोळा लागलेला न्हाय," ते म्हणाले.

मग ते उठले, चष्मा लावला, शर्ट झटकला. "हॉल वर्गालाच ऱ्हाईल. भांडी माझ्या पडवीत ठेवा. सुजाता, मोठ्यांचा वर्ग कधी असतो?"

मोठ्यांचा वर्ग नव्हताच. पुढच्या रविवारी सुरू झाला. तात्या, सखूकाकी, खजिनदार, चार-पाच ट्रेलर ड्रायव्हर असे सगळे काखेतली उशी न लपवता झोपायच्याच तयारीने आले. "ध्यान म्हणजे झोप नव्हे," हे सुजाताला दर वेळी सांगावं लागलं. पण ती चिकट आहे. हळूहळू माणसं जागी राहायला शिकली. तात्या आता वर्गात टक्क जागे असतात आणि घरी गाढ झोपतात, असं सखूकाकी सगळ्यांना सांगते.

जागा राहायला न शिकलेला मी एकटाच. म्हणून सुजाताने मला छोट्यांच्या बॅचमध्ये टाकलं आहे. तिथे बसायचं नसतं, नुसत्या उड्या असतात. लवकरच आमची परीक्षा आहे आणि माझी जोडी तात्यांच्या नातीशी लागली आहे. ती पहिलीत आहे. काल सुजाता तिला बाजूला घेऊन समजावत होती, ते मी ऐकलं.

"आजोबांना जरा हळू मार हं."