आता सोडली आहे त्यांनी

जे लिहायला बसले आहे ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेले नाही – देवापुढे नाही, आईपुढे नाही, मुलीपुढे तर नाहीच. तुम्ही माझे कोणी नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल. थांबत थांबत सांगेन. चालेल ना?

श्रीधर – माझे यजमान – ग्वाल्हेरला इंदरगंजातल्या एका कचेरीत नकाशे काढीत. शिडशिडीत माणूस. लग्नापासून बावीस वर्षे त्यांच्या सदऱ्याचे माप बदलले नव्हते. शिंपी विचारीतही नसे. मग एका हिवाळ्यात पोटावरचे बटण लागेना. आम्ही हसलो. महिन्याभरात पायांवर सूज आली. बोट दाबले की खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे – ओल्या मातीत उमटलेल्या पावलासारखा.

पाहिलेत? मला लगेच उपमा सुचतात. वडिलांनी लहानपणी कविता पाठ करून घेतल्या, तेव्हापासूनची ही खोड. डॉक्टरांनी जलोदर हा शब्द उच्चारला तेव्हा पहिल्या क्षणी तो मला सुंदर वाटला. यकृत आक्रसून कठीण झाले होते, पोटात पाणी साठत होते, आणि मी शब्दाचा नाद ऐकत होते. उपमा देणे हा न पाहण्याचाच एक मार्ग असतो, हे मला फार उशिरा कळले.

पाहिले ते असे होते. पोट वाढत गेले तसा बाकीचा माणूस कमी होत गेला. दंड काटक्यांसारखे, गाल खोल, आणि मध्ये ते ताणलेले, चकचकीत पोट, त्यावर निळ्या शिरा. बेंबी उलटून बाहेर आली होती. खोकला आला की ते तळहाताने ती आत धरून ठेवीत. छाती बाईसारखी हळवी झाली, सदरा घासला तरी दुखे. पायजम्याची नाडी पोटाच्या खाली बांधावी लागे आणि ती त्यांना दिसत नसे, म्हणून मी बांधीत असे. रोज सकाळी वजन. जेवण अळणी. तीन उशांना टेकून झोप. दर पंधरा-वीस दिवसांनी इस्पितळात सुई घालून पाणी काढायचे – फिकट पिवळे पाणी, नळीतून बरणीत उतरणारे. त्या संध्याकाळी ते हलके होऊन घरी येत, स्वतःच्या हाताने चपला घालत. मग पुन्हा भरू लागत.

हे सगळे मी मन लावून केले. त्यात कसूर नाही. कसूर दुसरीकडे आहे – आणि मी अजून तिच्याभोवतीच फिरते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. डॉक्टरांनी मला आणि आमच्या मुलीला, सईला, तपासून घ्यायला सांगितले. सईला मी कॉलेजच्या प्रवेशासाठी लागते असे सांगून नेले. तिचे रक्त स्वच्छ निघाले, लस दिली. माझे स्वच्छ निघाले नाही. तो विषाणू माझ्यात गप्प पडून होता, त्यांच्यात मात्र यकृत पोखरत होता. कुणाकडून कुणाकडे गेला? डॉक्टर म्हणाले, आता सांगता येणार नाही. पण सईच्या बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढवले होते. मला जे वाटायचे ते वाटले – माझ्याकडूनच गेला.

तो जेवणातून पसरत नाही, ताटा-भांड्यांतून नाही, हे मला नीट समजावले होते. पण ग्वाल्हेरातल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवात महानैवेद्याचे पुरण पंधरा वर्षे माझ्या हातचे असे. सोवळे नेसून, ओल्या केसांनी, जायफळाच्या वासात उभी राहणारी ती मी – माझ्या रक्तात काय आहे हे कळल्यावर कोण त्या पुरणाला बोट लावणार होते? मला वाटले, बायका मागची पंधरा वर्षे आठवतील आणि तोंड धुतील. म्हणून आजाराचे नाव घ्यायचे नाही असे मी ठरवले. श्रीधर म्हणाले, "तुला बरं वाटेल तसं."

आता सांगा – सुटलेले पोट, पिवळे डोळे आणि वर लिव्हर हा शब्द. लोक काय समजतील? मला ठाऊक होते. तरीही इथवर ते केवळ मौन होते. मौनाला माणूस काहीही नाव देऊ शकतो.

त्या वर्षी उत्सवाच्या स्वयंपाकघरात मालतीकाकू माझ्याशेजारी पुरण वाटत होत्या. समाजातल्या सर्वांत वडील बाई. त्यांचे बोलणे खाली पडत नसे. हात न थांबवता त्यांनी विचारले, "खरं सांग गं, श्रीधर घेत होता ना? आता छुपवून काय मिळणार? पोटच बोलतंय त्याचं."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता – मग कशाने?

मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "आता सोडली आहे त्यांनी."

हे ते. एवढेच.

आरती होईपर्यंत ते पुरुषांत पोचले होते. एका गृहस्थांनी श्रीधरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "श्रीधरराव, बहुत अच्छा किया, छोड़ दी! हिंमत लागते." श्रीधरांचे पिवळे डोळे बायकांच्या घोळक्यात मला शोधत आले. क्षणभर त्यांना काही कळले नाही. मग कळले. ते म्हणाले, "हो. सोडली."

टेम्पोतून हजीऱ्यातल्या आमच्या घरी परतताना ते बाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "कोणती घ्यायचो मी, तेही ठरवून ठेव. लोक विचारतील."

मी हसले. खरेच हसले – कारण त्यांनी विनोद केला असे धरून चालणे सोपे होते.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. ज्या माणसाने लग्नाच्या वरातीतही सरबताचा पेला दोनदा हुंगून मगच तोंडाला लावला, त्याच्याजवळ बसताना लोक हळूच वास घेऊन बघत. पाणी काढताना वॉर्डातली बाई म्हणे, "अंकल, पीते नहीं तो ये दिन नहीं आता." ते मान हलवीत. सई इंदूरला शिकत होती. चुलतभावाकडून तिने ऐकले आणि ती आली ती सरळ त्यांच्या कपाटाशी गेली. कपड्यांमागे हात घालून बाटल्या शोधल्या. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली उघडून हुंगली. "बाबा, आप ऐसे निकलोगे, मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. ते बिछान्यावर पोट सावरीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही – तेवढी सक्तीही त्यांनी माझ्यावर केली नाही. मी दारात होते. एक वाक्य पुरले असते. मी म्हणाले, "सई, चहा घेतेस का?"

शेवटच्या आठवड्यात ती आली नाही. परीक्षा होती, असे तिने कळवले. नव्हती.

शोकसभेत एकजण उठून बोलले, की श्रीधररावांनी अखेरच्या काळात व्यसनावर मिळवलेला विजय तरुणांनी ध्यानात ठेवावा. मी हात जोडले. पुढच्या भाद्रपदात पुरण मीच केले. सर्वांनी मागून घेतले.

सईच्या घरात वडिलांची तसबीर नाही. तिला आजही वाटते, त्यांनी आम्हा दोघींपेक्षा बाटलीला अधिक जपले.

श्रीधर दारू पीत नसत. एक थेंबही नाही, कधीच नाही. ते माझ्यासाठी गप्प बसले, आणि मी त्यांना तसेच जाऊ दिले.